मागे किती?

आमच्या आयडाहोत पाइनच्या जंगलातली खडीची वाट एका गाडीपुरतीच असते, म्हणून समोरून येणारा बोटांनी सांगतो, मागे आणखी किती गाड्या आहेत. मिटलेली मूठ म्हणजे कुणी नाही. चढावर लोर्ना भेटली, माझ्या नवऱ्याची लग्नाआधीची मैत्रीण. आम्हाला वाट द्यायला तिनं लाल जीप कडेला घेतली, मूठ दाखवली आणि त्याच्याकडे बघून हसली. "अजून एकटीच दिसतेय बिचारी," तो पुटपुटला. 'बिचारी' ऐकून माझं डोकंच फिरलं. मी तिला पाची बोटं दाखवली आणि गाडी दामटली. "अगं, आपल्यामागे कुणीच नाही!" "माहितेय." "पाच गाड्यांसाठी ती तिथंच ताटकळत बसेल ना!" "बसू दे. तुझ्यासाठी काय कमी ताटकळलीय?" त्याची मान मागे, लाल जीपकडेच वळलेली होती. 'मागे कुणी नाही' म्हणून मूठ दाखवली असती, तर तेही खोटंच ठरलं असतं.