चंद्रकांताची तक्रार

गावच्या तलावाच्या पाण्याच्या तक्रारी आता ॲपवर जाणार होत्या. गोंदियाहून आलेली रविता पुनारामजींची वही शेवटच्या पानापासून मोबाइलमध्ये चढवत होती. सव्वीस वर्षं तलावाचं पाणी तेच सोडत होते. तलावाच्या पाळीला भोक पडलं, नहर फुटली, वरच्यानं पाणी अडवलं. चारशेवर तक्रारी, आणि प्रत्येकीपुढे त्यांच्या वाकड्या अक्षरात ‘मिटली’.

“काकाजी, आमच्या ऑफिसातसुद्धा एवढं काम होत नाही!”

शेवटी एकच उरली, वहीतली सगळ्यात पहिली. ‘आमची धानाची बांधी तलावाले लागून हाये, तरी पाणी सगळ्यायच्या मांगून काऊन? – चंद्रकांता.’ पुढे ‘मिटली’ नव्हतं.

“ही कशी राहिली?”

“थे तशीच चढव. सगळ्यायच्या बांध्या भरल्यावरच तिचा नंबर लागते.”

“पण तलाव तर तिच्या बाजूलाच आहे!” रविता चिडली. “ही बाई सव्वीस वर्षांत तुमच्याशी भांडली कशी नाही?”

“भांडते ना,” पुनारामजी हसले. “रोज भांडते. माह्या ताटात भात वाढता वाढता.”