मिटल्या ओठांचं वाक्य

गार पडलेली इस्त्री. एका बाहीचा कोट. समोरच्या घरात कुणीतरी पाढे घोकतंय.

शिंपी बोलताना अडखळायचा, पण मनातल्या मनात मात्र घडाघडा बोलायचा. काज करणाऱ्या बाईला आज लग्नाचं विचारायचंच, असं त्याने ठरवलं होतं. ती पाठमोरी बसली होती. त्याने आधी तोंड मिटूनच वाक्य म्हणून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो मनातसुद्धा अडखळला. मा... मा...

"सावकाश म्हणा," मान न वळवता ती म्हणाली. "मला कुठं गाडी पकडायचीय?"

त्याची सुई हवेतच थांबली. ओठ घट्ट मिटलेले होते. वाक्य आतल्या आत पुढे सरकलं. माझ्याशी लग्न...

"करेन की," ती हळूच म्हणाली.

लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले होते.