जांभळ्या साडीचं नाव

निकितानं सेन्सर साडीखाली, द्राक्षाच्या घडाशेजारी धरला आणि दुसऱ्या हातातल्या यंत्रावरचा आकडा पाहिला.

"आजी, हिच्यातून जवळजवळ काहीच खाली येत नाही!"

"सावली तर समद्याच देतात," कुसाबाई म्हणाल्या.

"सावली दिसते हो. घड करपवणारे किरण दिसत नाहीत. अतिनील म्हणतात त्यांना. पातळ साडीतून ते येतातच."

निकिता नाशिकहून प्रयोगासाठी आली होती. निफाडकडे बागेवर जुन्या साड्या टाकायचं तेव्हा नवीनच निघालं होतं. कुसाबाईंचे यजमान खंडेराव यांनी परवाच मालेगावच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून गाठोडं आणलं होतं, आणि गड्यांनी त्या साड्या तारांवर टाकल्या होत्या.

"काठाशी दुहेरी दिसते. बघता का जरा?"

कुसाबाईंनी जांभळा काठ उलटला. आत फॉल होता. पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला.

लेकीच्या लग्नाच्या घाईत जांभळा दोरा संपला, म्हणून त्यांनीच पिवळा ओवला होता. मीना रुसली होती. "आये, लोक हसतील ना!"

"आतून कोण बघतंय, बये?"

मीनाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नसे. मालेगावच्या विहीणबाई दिवसांना म्हणाल्या होत्या, "तिच्या साड्या पेटीत ठेवल्यात. नात मोठी झाली की तिलाच देईन." दिवाळीला कुसाबाईंनी भीत भीत पुन्हा विचारलं, तेव्हाही म्हणाल्या, "हायेत ना पेटीत. कुठं जातात?"

"आजी, एवढी बाजूला करता? उघड्या उन्हाचा आकडा घेते."

"दुसरी कर. ही ऱ्हाऊ दे."

कुसाबाईंनी काठ पुन्हा आत दुमडला. दोरा दिसेनासा झाला तरी हात तिथंच होता.

निकिता प्रत्येक साडीला टाचणीनं चिठ्ठी लावत होती. जाड सुती. पातळ नायलॉन. "हिला काय लिहू?"

"मीना."

"मिलचं नाव का?"

"नुसतं मीना लिही."

बागेच्या पार टोकाला खंडेराव पक्कडीनं तार आवळत होते. तिथूनच ओरडले, "काय गं पोरी, कोणती पास झाली?"

निकितानं तोंडाशी हात धरला. "मीनाऽऽ!"

पक्कडीचा आवाज थांबला.

मग साड्यांखालून वाकून, पक्कड हातात तशीच, खंडेराव धावत येताना दिसले.