पाती सरळ उभी होती

"मोजे काढ," वीत्स्के म्हणाली. "चव्वेचाळीस साली असली इलॅस्टिकची किनार नव्हती."

रूर्टनं निमूट मोजे उतरवले. तिनं त्याला लोकरीचे दिले आणि वहीत त्याच्या नावापुढे खूण केली. युद्धाचे दिवस हुबेहूब उभे करून दाखवणाऱ्या या मंडळाचे कपडे सतरा वर्षं तिच्या ताब्यात होते, बटणापासून बक्कलापर्यंत. गावच्या भूमिगत चळवळीवर माहितीपट काढायला टीव्हीवाले आले, तेव्हा त्यांनीही तिला मान दिला. वीत्स्केबाई हो म्हणाल्याशिवाय कॅमेरा फिरत नसे.

रूर्ट मंडळात येऊन दोनच महिने झाले होते. फितूर पाववाल्याचं काम कुणालाच नको होतं. यानं मागून घेतलं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. शिवाय तो रोज स्वतः भाजलेला साखरपाव आणायचा. सगळे बोटं चाटत खायचे. ती हात लावायची नाही.

आज त्यानं घरचा जुना कोट घातला होता. तिनं कॉलर उलटून पाहिली. आत नाव शिवलेलं होतं. टोल्समा.

फितूर पाववाल्याचं नाव.

गोष्ट गावात शेंबडं पोरही सांगेल. नाझींच्या धाडीच्या सकाळी वीत्स्केच्या आजोबांनी, चक्कीवाल्या श्यूर्डनी, चांगला वारा असताना पवनचक्की थांबवून इशारा दिला. तरी लव्हाळ्यात लपलेल्या पाचांतले चार पकडले गेले, कारण त्यांना पाव पोचवणाऱ्या टोल्समानं जागा फोडली होती. पाचवी, सात वर्षांची मुलगी, वाचली. पुढे कॅनडाला गेली ती परत आली नाही. युद्ध संपल्यावर गावानं टोल्समाचं दुकान फोडलं, बिऱ्हाड हाकललं. चक्कीवर आजोबांच्या नावाची पितळी पाटी लागली. ती दर शनिवारी वीत्स्के घासते.

"कोट छान आहे," ती एवढंच म्हणाली. मनात म्हणाली, आजोबाचा कलंक धुऊन काढायला आलायस होय, बाळा.

दुपारी चक्कीचं दृश्य होतं.

"पाती फुलीसारखी तिरकी थांबवू या?" दिग्दर्शिका म्हणाली. "चित्रात भरून दिसतील."

"फुलीच असणार," रूर्ट मध्येच बोलला. "मलाही तसंच वाटतं."

वीत्स्केनं कान टवकारले. "तुला कशावरून वाटतं?"

"असंच. घाईत माणूस कुठेही थांबवतो."

"माझे आजोबा कुठेही थांबवणारे नव्हते."

ती आत गेली आणि पाटीखाली लावलेला फोटो काढून घेऊन आली. पाती सरळ उभी होती, अधिकच्या चिन्हासारखी.

"धाडीच्या आधीचा आहे का?" रूर्टनं विचारलं.

"पाऊण तास आधीचा. मागे शाळामास्तरांच्या अक्षरात तारीख आहे, वेळ आहे."

"मग हे कॅमेऱ्यापुढेच सांगा ना. उद्या कुणीतरी शंका काढायचं."

कुणीतरी म्हणजे कोण, ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं फोटो हातात धरून सांगितलं, न अडखळता; तारीख, वेळ, आजोबांचं नाव, आणि पाती अशीच होती, एका बोटाचाही फरक नाही. मग स्वतः ब्रेकचा दोर ओढून पाती तश्शी उभी केली.

रूर्ट रस्त्याकडे बघत होता. बसली दातखीळ, तिच्या मनात आलं.

एक गाडी येऊन थांबली. रूर्टनं पुढे होऊन एका म्हाताऱ्या बाईला हात देऊन उतरवलं.

"या सेल्माबाई," तो म्हणाला. "कॅनडाहून आल्यात. लव्हाळ्यातल्या पाचव्या."

कॅमेरा चालूच होता. काठीवर दोन्ही हात ठेवून सेल्माबाईंनी वर पात्यांकडे पाहिलं.

"अगदी अशीच होती," त्या म्हणाल्या.

वीत्स्केनं रूर्टकडे वळून पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं. सेल्माबाई, तुम्हाला काय सांगून ठेवलेलं होतं?"

"फुली दिसली तर हलायचं नाही. सरळ दिसली, की धोका टळला, चक्कीवर गरम लापशी खायला यायचं." म्हातारीनं पात्यांवरची नजर काढली नाही. "त्या सकाळी सरळ दिसली. आम्ही निघालो. मी बुटाची नाडी बांधायला मागे राहिले, म्हणून मला लांबूनच दिसलं. सैनिक ओट्यावर बसले होते आणि चक्कीवाला त्यांना आमची लापशी वाढत होता."