भिंतीच्या आत

हिमानीनं सॉकेट बाहेर ओढला आणि भिंतीतल्या चौकोनी भोकाशी टॉर्च धरला. आतली धूळ उजेडात तरंगायला लागली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

मागे तिचे बाबा, राजीव, घराच्या इन्स्पेक्शनचा वीस पानी रिपोर्ट घेऊन उभे होते. बाहेर अमेरिकेतल्या ईडन प्रेरी या गावावर सकाळपासून बर्फ पडत होता, जराही आवाज न करता. नवं घर अजून रिकामं होतं. पडदे नव्हते, सामान नव्हतं. पांढरा उजेड खोल्याखोल्यांतून साचून राहिला होता. कुणी बोललं की शब्द भिंतींना लागून परत यायचे.

तिला बोलावलं होतं आईनं. "एकदा बघून जा गं. शनिवारी वास्तुशांत आहे, चाळीस माणसं येणार." बाबांनी बोलावलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या वर्षाला इंजिनियरिंग सोडलं आणि ती एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकायला लागली. तेव्हापासून बापलेकीत हवेबद्दल बोलणं व्हायचं, गाडीच्या टायरबद्दल व्हायचं. तिच्या कामाबद्दल कधीच नाही.

वरच्या मजल्यावर ती खोलीखोलीतून हिंडली होती. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा भिंतीवर हात ठेवत, एकेक बटण दाबून कान देत. माळ्यावरच्या वायरी शांतपणे वळणं घेत गेल्या होत्या, कुठं ताण नाही, कुठं गुंता नाही. बघताबघता ती स्वतःशीच हसली होती. "हे ज्यानं केलं ना, त्याला घाई नव्हती," ती म्हणाली होती. बाबा फक्त शिडी धरून उभे होते.

पण हे बेसमेंट. घर विकणाऱ्या कंपनीनं ते नुकतंच नवं करून दिलं होतं. रंग कोरा, फरशी चकचकीत. आणि भिंतीच्या आत वायरींचा जोड तसाच लोंबत सोडलेला, वर नुसती चिकटपट्टी गुंडाळून. पट्टी वितळून तपकिरी झाली होती.

"बाबा, धिस इज बॅड. मी मेन बंद करतेय. हे नीट होईपर्यंत इथं राहायचं नाही. शनिवारचं कॅन्सल करा."

"रिपोर्टमध्ये तर सगळं पास आहे."

"त्या इन्स्पेक्शनवाल्यानं सॉकेट उघडला नाही. मी उघडला."

तिनं मेन बंद केला. घराची बारीक गुणगुण थांबली. उंचावरच्या छोट्या खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड तेवढा आत येत राहिला.

राजीव हळूच गुडघ्यांवर बसले. भोकाशी वाकून त्यांनी वास घेतला. करपलेला, किंचित गोडसर. मग रिपोर्ट जमिनीवर ठेवून त्यांनी त्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आमचं सगळं काम पास झालेलं आहे, सर," पलीकडचा माणूस म्हणाला. "खराब आहे असं कोण म्हणतं?"

"आमची इलेक्ट्रिशियन."

हिमानीनं चमकून वर पाहिलं. हा शब्द त्यांच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"लायसन्स आहे का तिच्याकडे? की घरातलंच कुणीतरी बघितलंय?" माणूस हसला. "तक्रार लिहून घ्यायची तर मला लायसन्स नंबर लागेल."

हिमानीनं घाईघाईनं हातमोजा काढला. कार्ड जॅकेटच्या आतल्या खिशात होतं, आणि झिप नेमकी अडकली. ती ओढत राहिली. तेवढ्यात बाबांचा आवाज तिच्या कानावर आला.

खिडकीतल्या बर्फाकडे बघत ते तिच्या लायसन्स नंबरचा एकेक आकडा सांगत होते. सावकाश, कुठंही न अडखळता, वर्षानुवर्षं पाठ असल्यासारखा.

तो नंबर तिनं घरात कुणालाच कधी सांगितला नव्हता.