डावीकडची मोकळी जागा

"इथे बघ. तू कुठे आहेस?"

प्रशिक्षकाने बटण दाबून चित्र थांबवलं. पडद्यावर मैदानाचा मधला भाग रिकामा होता. तिथे ज्याने असायला हवं होतं, तो डाव्या कडेच्या रेषेकडे धावत होता. तोच खेळाडू आता समोरच्या खुर्चीत बूट काढून, मान खाली घालून बसला होता.

"डावीकडे," तो म्हणाला.

"आणि गोल कुठून झाला?"

"मधून."

"तीन सामने, चार गोल. चारही मधून. जागचा हलत नाहीस म्हणून सगळे तुला खुंटा म्हणतात ना? अरे, खुंटाच चरायला निघाला तर गुरं बांधायची कुठे?"

खुंटा हसला नाही. "चुकलं, सर," एवढंच म्हणाला. मागच्या तिन्ही वेळी तो हेच म्हणाला होता.

संघाची खेळायची पद्धत साधी होती. चेंडू आपल्याकडे ठेवायचा. लहान लहान पास देत सगळ्यांनी पुढे सरकायचं. दोन्ही बाजूंचे बॅकही पुढे जायचे. अशा वेळी चेंडू गेला, तर बाकीचे परत येईपर्यंत मधे एका माणसाने दार अडवून उभं राहायचं. ते काम खुंट्याचं होतं. उद्याचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता.

"उद्या तू बाहेर बस," प्रशिक्षक म्हणाला. "नाहीतर कारण सांग. खरं कारण."

खुंटा बराच वेळ मोज्याचा सुटलेला धागा ओढत राहिला.

"दाजी थांबतात, सर."

दाजी म्हणजे संघाचे लेफ्ट बॅक, डावी बाजू राखणारे. ते खुंट्याच्या बहिणीचे यजमान. त्याचं ऐकून सगळा संघच त्यांना दाजी म्हणायचा. ती बहीण तीन महिन्यांपूर्वी आजारात गेली. प्रशिक्षक त्यानंतर या संघात आला होता. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

"चेंडू गेला की दाजी मागे यायला निघतात आणि मधेच उभे राहतात," खुंटा सांगू लागला. "कमरेवर हात ठेवून. मन लागत नाही त्यांचं अजून. मग त्यांची बाजू उघडी पडते. म्हणून मी जातो."

"आधी का नाही बोललास?"

"तुम्ही त्यांना काढलं असतं. घरी बसून करणार काय ते? भिंतींकडे बघत बसतील. मला काढा हवं तर. पण हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, सर. माणूस मोडेल."

तो बूट हातात घेऊन नुसत्या मोज्यांवरच बाहेर गेला.

प्रशिक्षकाला वाईट वाटलं. पण ज्याला परत येता येत नाही, त्याला उद्या खेळवणं शक्य नव्हतं. यादीतून दाजींचं नाव काढायचं त्याने ठरवलं. त्याआधी खात्री करावी म्हणून त्याने तिन्ही सामने पुन्हा लावले. आतापर्यंत तो खुंट्याकडे बघत होता. आता दाजींकडे बघू लागला.

चेंडू गेला. दाजी वळले. चार पावलं जोरात पळाले. मग मान वळवून त्यांनी मधे बघितलं. खुंटा निघालेला दिसला, तसे ते थांबले.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळीही आधी बघणं, मग थांबणं.

एका सामन्यात मात्र खुंटा धक्का लागून पडला होता. दाजींनी बघितलं, तो उठत नव्हता. तेव्हा ते सगळं मैदान कापत मागे आले आणि समोरच्या संघातल्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या पायातून त्यांनी चेंडू काढून घेतला.

प्रशिक्षकाने दाजींना बोलावलं. ते खांद्यावर टॉवेल टाकून आले.

"तुम्हाला पळता येतं, दाजी."

"घोडा म्हातारा झालाय, सर. पण लंगडा नाही."

प्रशिक्षकाने खुंटा पडला होता तो तुकडा त्यांना दाखवला. दाजींनी तो शेवटपर्यंत बघितला. मग उठून दार लावून घेतलं.

"त्याला दाखवलंत?"

"नाही."

"दाखवू नका." दाजी बसले. "पहिल्या वेळी, तुम्ही यायच्या आधी, खरंच थांबलो होतो. पाय उचलेना. बघतो तर हा माझ्या जागेवर हजर. सामना संपल्यावर जवळ आला. म्हणाला, 'दाजी, मी आहे.' ती गेल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मला बघून रस्ता बदलायचा. तेव्हापासून मी मुद्दाम थांबतो."

"आणि आपण गोल खातोय त्याचं काय?"

"ते माझं चुकलं. सगळ्या संघाला भोवलं." दाजींनी टॉवेलने तोंड पुसलं. "उद्या प्रत्येक वेळी मागे येतो. त्याला मधून हलायची गरज पडणार नाही. पण आपण दोन गोलांनी पुढे असलो आणि शेवटची चार-पाच मिनिटं राहिली, तर मला एकदा थांबू द्या."

"एकदा तरी कशाला, दाजी?"

दाजींनी बंद दाराकडे बघितलं. बाहेर पोरं कुणाच्या तरी नेमावरून एकमेकांना चिडवत होती. त्यात खुंट्याचा आवाज नव्हता.

"ती गेली त्या दिवशी तो बाहेरगावी सामना खेळत होता. निरोप मिळाल्याबरोबर निघाला, पण त्याला उशीर झाला," दाजी म्हणाले. "इथे तो दर वेळी वेळेवर पोचतो."