पाच ते सहाच्या मध्ये

“तासाला एकदा. त्याहून जास्त नको,” साहेब म्हणाले. “डिस्क आधीच गच्च भरलीय.”

ती कॉम्प्युटरवर प्रोग्रामच्या फाइलचा सगळ्यात वरचा भाग उघडून बसली होती. पुराचं गणित करणारा तो प्रोग्राम अवाढव्य होता, पण निकाल कुठल्या फोल्डरमध्ये लिहायचे, त्यात काय काय लिहायचं आणि किती वेळाने, हे त्या वरच्या चार ओळींत ठरायचं. तिथे एकदा ठरलं की तलाव, नदी, वस्ती, सगळ्यांना तेच लागू.

“तासाला लिहिलं तर मधलं काहीच दिसणार नाही, साहेब.”

“चौकशी समितीला नकाशा हवाय, तो देऊ. उंदरासाठी डोंगर कशाला पोखरायचा?”

ऑफिसात तिला सगळे बारकाईबाई म्हणत. आजारपणाची रजा संपवून ती नुकतीच परतली होती. साहेबही बदली होऊन आलेले, नवे. दोघांनाही पहिलंच काम हे मिळालं होतं.

तलावाचा बांध पहाटे फुटला होता आणि खालच्या वस्तीतला एक म्हातारा वाहून गेला होता. भोंगा साडेपाचला वाजला, हे यंत्रात नोंदलेलं होतं. पाणी वस्तीत कधी शिरलं, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. बांधावरून पाणी वाहायला लागताक्षणी आपण भोंगा दिला, असा तलावावरच्या चौकीदाराचा जबाब होता.

दुपारी म्हाताऱ्याची सून ऑफिसात आली. खुर्चीच्या कडेवर टेकली.

“पाणी आधी की भोंगा आधी, एवढंच सांगा.”

“ते अजून काढायचंय,” साहेब म्हणाले.

“दीर म्हणतात, भोंगा ऐकूनही वहिनी पोरांना घेऊन पळाली, बाबांना खाटेवरच टाकलं. आता सगळी वस्ती तेच म्हणते. नळावर गेले की बायका बाजूला होतात.”

“तुम्ही काय ऐकलंत?” बारकाईबाईने विचारलं.

“पाणी ऐकलं. बाबांना उठवायला वळले तर मधलं दार उघडेना, पलीकडून पाण्याने दाबलेलं.” तिने पदराने तोंड पुसलं. “पण माझं ऐकतंय कोण?”

ती गेल्यावर साहेबांनी तिची खुर्ची भिंतीला लावली. मग म्हणाले, “वाईट वाटतं. पण आपलं काम पाण्याचं, लोकांच्या घरातल्या भांडणांचं नाही.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा भाजी निवडत बसला होता. अलीकडे तो दिवसभर घरीच असे. स्वयंपाकही त्याने आपणहून अंगावर घेतला होता.

“ठरलं का, किती वेळाने लिहायचं ते?”

“साहेब तासाला म्हणतात.”

“मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आज ती सून आली होती.”

त्याचा हात थांबला. “काय म्हणाली?”

तिने सांगितलं. तो खाली मान घालून भाजी निवडत राहिला. पानं कचऱ्यात जात होती आणि काड्या पातेल्यात. तिने पातेलं हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

“तुला काढता येईल ते?” त्याने विचारलं.

“येईल.”

“मग काढ,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “नाही काढलंस तर तुला झोप लागणार नाही. मी ओळखतो ना तुला.”

दुसऱ्या दिवशी तिने वरच्या ओळींची काटछाट केली. पाण्याचा वेग, दाब, गाळ, सगळं यादीतून काढलं. फक्त पाण्याची उंची ठेवली. मग तासाच्या जागी मिनिट लिहिलं आणि साहेबांना बोलावलं.

“डिस्कला धक्का लागत नाही. बघा.”

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. “ऐकायच्या नाहीतच तुम्ही. चालवा.”

निकाल दोन दिवसांनी आला. पाचला वस्ती कोरडी होती. सहाला पाणी छपरांना टेकलेलं. ती मधलं एकेक मिनिट पुढे सरकवत गेली. सुनेच्या दारात पाणी सव्वापाचलाच शिरलं होतं. भोंगा वाजला तेव्हा ते म्हाताऱ्याच्या खाटेवरून गेलं होतं. आणि बांधावरून तर ते पाचच्याही आधीपासून वाहत होतं.

साहेबांनी दोनदा तपासलं. मग फोन उचलून त्यांनी स्वतःच वस्तीत लावला.

“तुमची काही चूक नाही, ताई. पाणी आधी आलं.” त्यांनी तेच दोनदा सांगितलं. “आता फोन जरा तुमच्या दिरांकडे द्या. त्यांनाही मीच सांगतो.”

दिराला त्यांनी चांगलंच खडसावलं. फोन ठेवताना ते खुशीत होते.

“बारकाईबाई, मानलं तुम्हाला. तासाला लिहिलं असतं तर ती बिचारी जन्मभर बोलणी खात राहिली असती. पाठवा समितीला.”

तिने निकाल पाठवला. गेल्याची खात्री करून घेतली.

“आणि हा चौकीदार!” साहेबांचा आवाज चढला. “पाणी बांधावरून वाहतंय आणि याचा पत्ता नाही. वर खोटा जबाब. पिऊन पडला असेल कुठेतरी.”

“तो पीत नाही,” ती म्हणाली.

“मग कुठे कडमडला होता त्या वेळी?”

“दवाखान्यात,” ती म्हणाली. “माझ्या उशाशी.”